तीन वेळा येणारे तेहेतिसावे पान

मी एक जुने, पाठीला पोक आलेले गोष्टीचे पुस्तक आहे. मित्रांनो, मला उघडून पाहाल तर आधी हसाल, कारण माझ्यात तेहेतिसावे पान तीन वेळा येते. एकदा ते भलत्याच पुस्तकाचे आहे, एकदा माझे स्वतःचे आहे आणि एकदा शाईने, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेले आहे. असे का झाले ते सांगायचे तर जन्मापासून सुरुवात करायला हवी. माझे वय झाले आहे, तेव्हा जरा सावकाश सांगेन.

एका छापखान्याच्या मागे लांबट खोली होती. यंत्रावर छापलेले मोठमोठे ताव तिथे येऊन पडत आणि लांब टेबलाभोवती बसलेल्या बायका त्यांच्या घड्या घालत. एका तावाची नीट घडी घातली की सोळा पाने होतात. त्याला फर्मा म्हणतात. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर बारीक आकडा छापलेला असे. तो आकडा बघून एक, दोन, तीन असे फर्मे उचलायचे, एकावर एक ठेवायचे, की पुस्तक शिवायला तयार. पाने वाचायला तिथे कुणालाच सवड नव्हती. हात भराभर चालत, आणि तोंडे हातांपेक्षाही भराभर.

माझा जन्म झाला त्या दिवशी त्या टेबलावर दोन पुस्तकांचे फर्मे शेजारी शेजारी होते. एक माझे. समुद्रात हरवलेल्या नाखव्याला शोधायला एकटीच होडी घेऊन निघालेल्या त्याच्या मुलीची गोष्ट. दुसरे पुस्तक होते मधमाश्या कशा पाळाव्यात याचे. कागद एक, आकार एक, अक्षराचे वळणही एकच. कुणाचा तरी हात गप्पांच्या नादात शेजारच्या ढिगावर पडला आणि माझ्या पोटात तिसरा फर्मा मधमाश्यांचा आला. मी शिवले गेले, मला पुठ्ठा चढला, खळीने चिकटवाचिकटव झाली आणि मग मुकादमाने मला तपासायला उचलले.

"हे काय हो बायांनो?" तो ओरडला. "नाखव्याची पोरगी होडीत बसली, आणि पान उलटतो तर पोळं कसं उघडावं! वाचणारा बुडेल की उडेल?"

सगळ्या खो खो हसल्या. त्याने मला कोपऱ्यातल्या रद्दीच्या ढिगावर टाकले. जन्मल्या दिवशीच बाद! माझी सख्खी भावंडे ओळीने गठ्ठ्यात बांधली जात होती, आणि मी मात्र कापले जाण्याची वाट बघत पडून होते. आपणही त्यांच्यासारखे बिनचूक असतो तर, हा एकच विचार तेव्हा मनात होता. तो पुढे बरेच दिवस गेला नाही.

मला वाचवले ते घडीकाम करणाऱ्या एका बाईने. तिला घरी सगळे आत्या म्हणत. आपणही तेच म्हणू.

"मुकादम, हे मी नेऊ का?" ती म्हणाली. "घरी माझी भाची आहे. डब्याच्या तळाला घातलेला कागदसुद्धा उपसून वाचते."

"न्या, न्या. पण मध निघाला तर अर्धा माझा."

भाचीचे आईवडील कामासाठी दूर असत, म्हणून ती शाळेसाठी आत्याकडे राहायची. तोंडाला क्षणाची विश्रांती नसे म्हणून तिला सगळे टिटवी म्हणत. टिटवीने मला दोन्ही हातांनी घेतले, आधी माझा वास घेतला आणि खिडकीखालच्या ट्रंकेवर बसून वाचायला लागली. ती इतकी गप्प बसली, की आत्या दोनदा येऊन बघून गेली.

माझ्या बत्तिसाव्या पानाच्या शेवटी होडी एका काळ्या गुहेच्या तोंडाशी येते. मुलगी कान देऊन ऐकते, "आणि तेवढ्यात" या शब्दांवर पान संपते. पुढच्या पानावर होते, "पोळे उघडण्यापूर्वी धूर द्यावा. माश्या चिडल्या तरी पळू नये." असे सोळा पाने. आणि एकोणपन्नासाव्या पानावर एकदम नाखवा मुलीला खांद्यावर घेऊन किनाऱ्यावर नाचत होता! म्हणजे बाप सापडला होता. पण कसा सापडला, तेच नेमके माझ्यात नव्हते.

मला वाटले, आता ही मला भिरकावणार. पण टिटवीला शंका म्हणून आली नाही. छापलेले चुकीचे असेल, हे तिच्या डोक्यात येणेच शक्य नव्हते. तिने पाने पुढे उलटली, मागे उलटली, नखे कुरतडली आणि मग स्वतःशीच म्हणाली, "हां! गुहेत तिला माश्यांची गुणगुण ऐकू आली."

झाले! एवढा एक धागा हाताला लागला आणि तिने सगळी गोष्ट शिवून काढली. गुहेत पोळे होते. बाप पलीकडे अडकला होता. वाट फक्त राणीमाशीला ठाऊक होती, आणि राणीमाशी पळणाऱ्या माणसाशी बोलत नाही.

सुट्टीच्या दिवशी ती मला घेऊन आत्याबरोबर घडीच्या खोलीत जाऊ लागली. बायकांचे हात गुंतलेले, कान मोकळे. टिटवी स्टुलावर चढून मला मोठ्याने वाचायची. बत्तिसाव्या पानापर्यंत ती माझ्यातले वाचत असे. पुढे डोळे माझ्या पानांवर आणि शब्द स्वतःचे. चूक त्या खोलीतच झाली होती, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होते. पण एकीनेही तिला सांगितले नाही. सांगितले असते तर गोष्ट थांबली असती ना!

"अगं, परवा राणीमाशी डावीकडे वळली होती," थोरली काकू तिला पकडायची. ही त्या खोलीतली सगळ्यात जुनी बाई.

"परवा वारा वेगळा होता, काकू."

"आणि नाखव्याला गोड चालत नव्हतं म्हणालीस. मग मध कसा खाल्ला?"

"भूक लागली की सगळं चालतं."

"हे लिहून दे गं मला. आमच्या घरात भिंतीला लावते," दुसरी म्हणायची आणि घड्या घालता घालता सगळ्यांचे खांदे हलायचे.

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस. पण दिवस काही सारखे राहत नाहीत.

एकदा टिटवीच्या शाळेत बाईंनी वर्गाला एक गोष्ट वाचून दाखवायला घेतली. ते माझेच भावंड होते, पण बिनचूक. टिटवी त्या दिवशी मलाही दप्तरातून घेऊन गेली होती. होडी गुहेशी आली. टिटवी बाकावर पुढे सरकली. बाई वाचत गेल्या, आणि नाखवा सापडलासुद्धा.

टिटवी ताडकन उभी राहिली. "बाई, मधमाश्या राहिल्या!"

"कुठल्या मधमाश्या?"

तिने मला उघडून दाखवले. बाईंनी पाने पाहिली आणि त्यांनाही हसू आवरेना. "अगं वेडाबाई, हा तर बांधणाऱ्यांचा घोळ आहे. तू हे सगळं गोष्ट समजून वाचलंस?"

बाई वाईट नव्हत्या. पण वर्गाला तेवढे पुरले. मधल्या सुट्टीत सगळे तिच्याभोवती फेर धरून गुणगुणले. संध्याकाळी ती घरी आली, मला ट्रंकेत खाली घातले आणि झाकण लावून टाकले. "इतके दिवस सगळ्याजणी मला हसत होत्या," एवढेच ती आत्याला म्हणाली.

त्या दिवसापासून टिटवी गप्प झाली. घडीच्या खोलीत जाईना. वाचायलाही काही घेईना. ट्रंकेतल्या अंधारात मला आत्याचा आवाज यायचा, "बोल ना गं काहीतरी. घर खायला उठतं." मला कसर लागेल याची भीती नव्हती. भीती ही होती, की माझ्यामुळे एका बोलक्या पोरीच्या गोष्टी कायमच्या बंद पडतात की काय.

आत्याने तिच्या परीने उपाय शोधला. छापखान्यातल्या उरलेल्या तावांत तिला माझा खरा तिसरा फर्मा सापडला. सुट्टीच्या दिवशी ती टिटवीला जवळजवळ ओढतच खोलीत घेऊन आली, मला टेबलावर ठेवले आणि दाभणाने माझी शिवण उसवायला लागली.

"आता ते बरोबर करून देते. मग कुणी हसणार नाही," ती म्हणाली.

खरे सांगते, मला आनंद झाला. जन्मभर जे हवे होते ते मिळत होते! माझी खरी पाने टेबलावर आली. बायका म्हणाल्या, "वाच गं, आम्हालाही कळू दे." टिटवीने खालच्या मानेने वाचले. गुहेशी एक कोळी भेटतो. तो म्हणतो, तुझे बाबा मागच्या झोपडीत आहेत, पाय मोडलाय. मुलगी झोपडीत जाते. बाबा असतात.

बायकांचे घड्या घालणारे हात थांबले.

"एवढंच?" थोरली काकू म्हणाली. "आणि आमच्या माश्या?"

"माश्या नव्हत्याच, काकू. तो घोळ होता."

"घोळ होता ते आम्हाला नको सांगूस, आम्हीच केला तो! पण पोरगी एवढी वादळातून आली आणि कुणीतरी बोट दाखवलं, की मिळाला बाप? मग तिनं काय केलं?"

"मलाही तेच वाटलं," टिटवी हळूच म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मी ऐकत होते. "त्यांनी तिला काही करूच दिलं नाही. माश्या चिडल्यावर ती तिथं उभी राहते, तेच तर…"

"मग ते सांग ना!"

"तुम्ही हसता."

"हसतोच! हसू येतं तिथं हसतो. आणि त्या दिवशी नाखव्याचा हात सुटला तेव्हा मी घडी वाकडी घातली, मुकादमाची बोलणी खाल्ली, ते दिसलं नाही तुला?"

आत्याने दाभण खाली ठेवले आणि एक कोरा ताव तिच्यापुढे पसरला. "हं. सांगून हवेत जातं. यावर लिही. शिवायचं माझ्याकडे लागलं."

टिटवीला कुठला दम! तिने आख्खा ताव वरपासून खालपर्यंत भरून काढला आणि मोठ्या तोऱ्यात आत्याच्या हातात दिला. आत्याने सवयीने घडी घातली. बघते तर काय, निम्मी पाने खाली डोके वर पाय, राणीमाशी पहिल्या पानावर आणि गुहा तिच्या मागून येते आहे! खोलीत असे हसू फुटले, की मुकादम धावत आला. टिटवी क्षणभर रडवेली झाली, आणि मग सगळ्यांत मोठ्याने तीच हसली.

थोरल्या काकूने तिला दुसरा ताव घडी घालून, कडा कापून दिला. टिटवीने पुन्हा लिहायला घेतले. पुन्हा लिहिताना तिने बरेच बदलले. पहिल्यापेक्षा ते चांगले झाले, हे तिलाही कळले आणि मलाही.

"आता यातला कुठला फर्मा ठेवायचा?" आत्याने विचारले.

"तिन्ही," टिटवी म्हणाली. "खरा टाकून दिला तर तो बिचारा एकटा कुठे जाईल?"

अशी माझी पाठ फुगली. बिनचूक व्हायची माझी हौस मात्र त्या दिवशी फिटली.

पुढे टिटवी शिकायला दूर गेली. घडीच्या खोलीत घड्या घालणारे यंत्र आले आणि बायका पांगल्या. मी फडताळात वरच्या फळीवर राहिले. धूळ बसली, एका कोपऱ्याला ओल आली, कसरीने पुठ्ठा थोडा चाखला. वर्षानुवर्षे मला कुणी उघडले नाही. तक्रार करत नाही, पण पुस्तकाला बंद राहण्याएवढा दुसरा आजार नाही.

मग एका दुपारी फडताळ उघडले. आत्याचे केस पांढरे झाले होते. समोर मोठी झालेली टिटवी उभी होती आणि आत्याच्या हातात एक नवे कोरे पुस्तक होते. टिटवीने लिहिलेले. आत्याने ते वाचायला नाही उघडले. आधी पाठीकडून वाकवून बघितले, फर्मे मोजले, शिवण ओढून पाहिली.

"फर्मे बरोबर लागलेत गं," ती गंभीरपणे म्हणाली.

"झालं! आता कुणी वाचलं नाही तरी चालेल," टिटवी म्हणाली आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पहिल्याच पानावर त्या घडीच्या खोलीतल्या सगळ्याजणींचा उल्लेख होता. तो सापडल्यावर मात्र आत्या हसली नाही. बराच वेळ त्या ओळींवरून बोट फिरवत बसली.

आता आत्या टिटवीकडेच राहते, आणि टिटवीने मला पुसून, कोपरा चिकटवून आपल्याजवळ ठेवले आहे. शेजारपाजारची मुले येतात. ती मला बत्तिसाव्या पानापर्यंत वाचते, "आणि तेवढ्यात" म्हणून मिटते आणि कुणाकडे तरी बघते. आज एक अगदी लाजरी मुलगी, आजवर एक शब्दही न बोललेली, उठून उभी राहिली.

"गुहेत माश्या नव्हत्या," ती म्हणाली. "गुहेत कुणीतरी गात होतं."

एकजण फिसकन हसला. टिटवीने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती पुढे झुकून म्हणाली, "बरं! मग पुढं काय झालं?"

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. पुस्तक फाटले, चुकले, पाने सुटली म्हणून रद्दीत टाकू नका. खळ लावा, दोरा घाला, पुन्हा उघडा. आणि कुणी आपली गोष्ट सांगायला उभे राहिले, तर पुढे काय झाले, एवढे जरूर विचारा. टिटवीला ते वेळेवर विचारणाऱ्या बायका भेटल्या, म्हणून हे सारे झाले.

आता मला थांबायला हवे. ती लाजरी मुलगी घडी घातलेला कोरा कागद घेऊन जमिनीवर पालथी पडून लिहिते आहे, आणि आतल्या खोलीतून आत्याने हाक मारून आपले दाभण मागितले आहे.