चुकीच्या दारातली पाटी

अहो, जरा थांबा की! आधी वाचा, मग फोटो काढा. मी पाटी बोलतेय. निळ्या अंगाची, सोनेरी अक्षरांची, इतिहासाची पाटी. फिलाडेल्फियात आम्ही इतक्या झालोय की कुत्रीसुद्धा मान देत नाहीत. खांबाशी येऊन काय करतात ते विचारू नका.

ओहायोतल्या ओतकामाच्या कारखान्यात मी जन्मले. अंगावर मजकूर उमटला: 'नामांकित घड्याळजी जेप्था क्रोवेल या घरात राहत होते.' मग मला पेअरट्री गल्लीत, दोनशे बारा नंबरच्या घरासमोर उभं केलं. भाषणं झाली, लिंबू सरबत नि प्रेट्झेल वाटली. त्या ओळीतल्या आठही दारांवर तांबड्या फुल्या होत्या. मला वाटलं, माझ्या स्वागताची सजावट! महिन्याभरात त्या पुसल्या गेल्या, आणि मीही विसरले.

दोनशे बारामध्ये राहायच्या मिस अर्नेस्टीन टल. शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करायच्या. दर शनिवारी आधी दाराच्या पायऱ्या घासायच्या, मग मला मेण लावून चकचकीत करायच्या. पाहुण्यांना गोष्ट सांगायची हौस तर दांडगी! ती दर वर्षी थोडी फुगायची: पहिल्या वर्षी क्रोवेल वरच्या खोलीत घड्याळं करायचा. दहाव्या वर्षी त्याला खिडकीतली खुर्ची मिळाली. विसाव्या वर्षी तर त्याला अर्नेस्टीनबाईंसारखंच मक्याच्या पावाचं वेड लागलं होतं. मी गप्प ऐकायची. आपलीच तारीफ चालली असताना मध्ये कोण बोलेल?

चाळीस वर्षं अशी मजेत गेली. या वसंतात मात्र इतिहास समितीचे मिस्टर हॅलोवेल जुना नकाशा घेऊन आले. चेहरा असा, की सुतकच पडलंय.

"मिस अर्नेस्टीन, घोटाळा झालाय. शहरानं मागे घरांचे नंबर बदलले होते. क्रोवेलचं दोनशे बारा समोरच्या बाजूला होतं. जिथे आता पार्किंग आहे ना, तिथे."

"ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तुमची माणसं या पाटीसाठी खड्डा खणत होती तेव्हापासून. माझ्या घराचं खरेदीखत ट्रंकेत आहे, त्यात सगळं लिहिलंय."

"अहो, मग सांगितलं का नाही?"

"विचारलंत कुठे?" बाई हसल्या. "रस्ता रुंद करायला आमची आठही घरं पाडणार होते, दारांवर फुल्या मारून गेले होते. ही पाटी आली, घर ऐतिहासिक ठरलं आणि रस्त्याचं कामच अडलं. फुल्या पुसल्या. आजही एक बिल्डर येतो आणि हिला बघून परत जातो. आता नेताय तर न्या बापडे."

मी हादरले. म्हणजे चाळीस वर्षं मी खोटं बोलत होते? आणि ज्यांना मी सजावट समजले, त्या घरं पाडायच्या खुणा होत्या!

मला उपटलं आणि समोर पार्किंगच्या कडेला रोवलं. दुसऱ्याच दिवशी बाईंनी माझ्या जागी पत्र्याचा तुकडा ठोकला. त्यावर हातानं लिहिलं होतं: 'इथे चाळीस वर्षं चुकीची पाटी होती. तिच्यामुळे आठ घरं वाचली. आम्ही अजून इथेच आहोत.'

पत्रा काढायला आलेले हॅलोवेल वाचता वाचता तिथेच थांबले. डोक्यावरची टोपी काढली. पत्रा तसाच ठेवून ते थेट ओहायोतल्या कारखान्याला फोन करायला गेले.

शरदात माझ्या जुन्या जागी माझी धाकटी बहीण आली. तीही निळी-सोनेरी, अंगावर बाईंचाच मजकूर, शब्दन् शब्द, आणि खाली समितीचा शिक्का. बिल्डरनं ती दोनदा वाचली आणि पुन्हा काही आला नाही.

आता सगळी गर्दी तिच्यापुढे. मी खरी जागा धरून उभी, आणि माझ्याकडे गाड्या लावणारेसुद्धा बघत नाहीत! हेवा वाटतो, खोटं का बोलू? खोटं बोलून झालंय माझं.

शनिवारी बाई आधी पायऱ्या घासतात, मग धाकटीला पुसतात. शेवटी काठी टेकत रस्ता ओलांडतात, माझ्या अंगावरून मेणाचं फडकं फिरवतात आणि विचारतात, "रुसलीस का गं? तूच वाचवलंस ना आम्हाला?"