निळा ठिपका

मी एक जुनी निळी मोटार आहे. चार सिलिंडर, चाळीस अश्वशक्ती, वेग ताशी ऐंशी. त्यापुढे दारं खुळखुळतात. माझ्या शेजारी वर्षानुवर्षं एक लाल मोटार उभी असे. सहा सिलिंडर, नव्वद अश्वशक्ती, वेग ताशी सव्वाशे. पेट्रोल मात्र ढोसायची. मी लिटरला चौदा किलोमीटर जाते, ती जेमतेम सात. मित्रांनो, हे मी जळून सांगत नाही. जे आहे ते आहे.

आमचे मालक मेकॅनिक होते. दोघींनाही त्यांनी मोडक्या अवस्थेत आणून स्वतःच्या हातांनी उभं केलं. सुटा केलेला प्रत्येक भाग पुसून ते त्यावर रंगाचा ठिपका देत. माझ्या भागांवर निळा, तिच्या भागांवर लाल. सरमिसळ त्यांना खपत नसे.

मुलाच्या लग्नादिवशी नवरानवरीला लाल गाडीतून आणायचं ठरलं होतं. सकाळीच तिचा इंधनाचा पंप दम तोडू लागला. मालकांनी माझा पंप तिला बसवला, तिचा मला. "उद्या बदलतो हं," असं म्हणून माझ्या बॉनेटवर थोपटलं. त्याच आठवड्यात त्यांनी अंथरूण धरलं आणि त्यातून ते उठलेच नाहीत.

सपाट रस्त्यावर माझं निभायचं. चढ आला की धाप लागायची. निळी म्हातारी झाली, असं जो तो म्हणू लागला. मग कुणी मला पुसेनासं झालं.

सहा वर्षांनी शेड रिकामी करायची वेळ आली. मुलाच्या नव्या घरी एकाच गाडीपुरती जागा होती. त्याला लाल हवी होती. त्याची ताई माझ्यावर गाडी चालवायला शिकलेली, तिला मी हवी होते. शेवटी दोघांनी ठरवलं, पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ जी चढेल ती राहील. दुसरी भंगारात.

लाल सुसाट वर गेली. मी अर्ध्यावर आचके देत बंद पडले. ताईने तोंड फिरवून डोळे पुसले. भंगारवाला दोर घेऊन माझ्याकडे आला.

इंजिन निवावं म्हणून मुलाने लालचं बॉनेट उघडलं, आणि तो तसाच उभा राहिला. मग येऊन माझं उघडलं. ताई पाठमोरी होती, भंगारवाला दोर सोडवण्यात गुंतला होता. आता हा गुपचूप बॉनेट लावणार, असं मला वाटलं.

"ताई, इकडे ये गं," त्याने हाक मारली. "लालच्या पंपावर निळा ठिपका आहे, आणि हिच्या पंपावर लाल. माझ्या लग्नात बाबांनी बदलला असणार. लाल वर गेली ती तुझ्या निळीच्या जिवावर!"

त्याने तिथेच पंप बदलले. या खेपेला लाल अर्ध्यावर थांबली. मी दुसऱ्या गियरमध्ये, आपल्या चालीने, टाकीपर्यंत गेले.

"मग आता लाल भंगारात?" त्याने हळूच विचारलं.

"वेडा आहेस का? बाबांच्या हातची आहे ती!"

त्याने तिला नवा पंप आणला, त्यावर लाल ठिपका दिला आणि जुन्या गाड्यांच्या एका हौशी माणसाकडे सोपवली. परत येताना तो माझ्यातच बसून आला. घरी पोचल्यावर त्याने माझ्या बॉनेटवर थोपटलं, अगदी त्याच जागी.

लाल माझ्यापेक्षा वेगवान होती, आजही असेल. तुलना खुशाल करा, मित्रांनो. पण भंगारवाल्याला बोलावण्याआधी एकदा बॉनेट उघडून बघत जा.