मनकर्णाबाईच्या हातचा मासा

"घ्या ना हातात! दुरून काय पाहून राहिल्या, नवरी पाहाले आल्यासारख्या?"

जयवंता भोईणीने परसदारी मडक्यावरचं फडकं काढलं. आतली मरळ अशी उसळली की पाणी थेट मनकर्णाबाईच्या लुगड्यावर उडालं. मनकर्णाबाईंचा हात आपोआप पुढे झाला आणि मडक्यापासून वीतभरावर थांबला. मनगटात सोन्याचे दोन जाड गोठ होते.

"नाई वं बाई. घरात बोलनं बसते."

"मासा हातात घेतल्यानं?"

"गोठ खराब केल्यानं."

"मंग काढून ठेवा."

"निघत असते त तुह्याजोळ रडली असती का?"

ते निघत नव्हते, हे खरं होतं. सोनाराने ते हातात घालून त्यांची तोंडं ठोकून बंद केली होती. ही नवऱ्याची, खुशालरावांची कल्पना. चोराला गोठ न्यायचेच असले तर हातासकट न्यावे लागतील, असं ते चारचौघांत अभिमानाने सांगत. हात कोणाचा, याचा उल्लेख त्यात नसे.

साल अठराशे चौसष्ट. साता समुद्रांपलीकडे अमेरिका नावाच्या मुलुखात लोक आपसांत लढत होते, त्यामुळे तिथला कापूस विलायतेला पोचत नव्हता आणि त्यामुळे अकोल्याच्या जुन्या शहरातले खुशालराव मोठे गृहस्थ झाले होते. लढाई कशासाठी चालली आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती चालू राहावी एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पहिल्या हंगामात त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या. दुसऱ्या हंगामात बायकोला गोठ केले. क्रम असाच होता आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

मनकर्णाबाईंबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. त्या उंच नव्हत्या, ठेंगण्या नव्हत्या. ओव्या म्हणताना त्यांचा आवाज इतर बायकांच्या आवाजात मिसळून जाई. एक गोष्ट मात्र गल्लीत सर्वांना माहीत होती. मासा चिरावा तर खुशालरावांच्या घरच्या बाईने. जिती मरळ मूठभर राखेवर धरून त्या एका फटक्यात दगडावर शांत करत. मग अंगभर राख चोळून बुळबुळ काढायची, विळीच्या पात्यावर उलटे हात मारत खवले उतरवायचे, पोट फाडायचं आणि दोन बोटं आत घालायची. काळजाला चिकटून बोराएवढी हिरवी पिशवी असते. ती अख्खी बाहेर आली तर मासा गोड. फुटली तर सगळं कालवण कडूजहर. लग्न होऊन बावीस वर्षं झाली होती, आणि मनकर्णाबाईंच्या हातून ती पिशवी एकदाही फुटली नव्हती. सोयऱ्याधायऱ्यांत 'मनकर्णाबाईच्या हातचा मासा' असंच म्हणत. माणसाच्या नावाने ओळखली जाणारी त्या घरातली तेवढी एकच वस्तू होती.

गोठ आल्यावरही त्यांनी एकदा मरळ चिरली होती. राख, बुळबुळ आणि दोनचार खवले गोठाखाली गेले ते गेलेच. आठ दिवस वास. शेजारच्या घरी सुपारी फोडण्याच्या कार्यक्रमात बायका नाकाला पदर लावून बसल्या. खुशालरावांनी त्या दिवशी हुकूम काढला: यापुढे घरच्या बाईने माशाला हात लावायचा नाही. चिरायला गल्लीतली दुर्गाबाई येईल.

दुर्गाबाई पुरण उत्तम वाटे. माशाशी तिचा संबंध खाण्यापुरता होता. पण कापूस वेचणीच्या दिवसांत ज्याला दोन हात आहेत तो वावरात होता, आणि दुर्गाबाईची कंबर दुखत असल्याने ती गावात होती. तिची निवड झाली ती अशी.

आणि आज तेल्हाऱ्याहून महादेवराव येणार होते, खुशालरावांच्या मुलीला, शालूला, आपल्या मुलासाठी बघायला. त्यांनी आधीच निरोप धाडला होता: पुरणाचा खटाटोप नको, मनकर्णाबाईच्या हातचा मासा तेवढा होऊ द्या.

"आजच्या दिवस मले चिरू द्या," मनकर्णाबाई सकाळी नवऱ्याला म्हणाल्या होत्या. "त्यायनं नाव घेऊन सांगतलं हाय."

"अन् गोठाले वास मारला म्हंजे? पाव्हन्यायनं काय समजाव, का यायच्या घरी बाईमानूस राखेत बसते?"

"बावीस सालं बसलीच ना मी."

"तवा भाव काय होता कापसाचा?"

मनकर्णाबाईंनी चौरंग परसदारी नेला.

तेव्हा जयवंताकडून मरळ घेतली ती दुर्गाबाईने, पदराने धरून. मरळ दोनदा निसटून अंगणातून विहिरीच्या दिशेने गेली. मनकर्णाबाई चौरंगावर बसून, हात मांडीवर ठेवून सांगत होत्या.

"राख घे वं. अजून घे. धर आता डोक्याजोळ. पोट हलकं फाड. आता दोन बोटं... ओढू नको! ओढू नको म्हनते ना!"

दुर्गाबाईने ओढलं. पुरणातला खडा ओढून काढावा तसं. बोटांवरून हिरवं पाणी ओघळलं आणि मांसात पसरलं.

"फुटलं का काही?" दुर्गाबाईने विचारलं.

मनकर्णाबाई चौरंगावरून उठल्या होत्या. राख चोळून धुतलं, मीठ लावून धुतलं, हळद लावून धुतलं. त्यांनी दुर्गाबाईच्या बोटावरचं थेंबभर पाणी जिभेला लावून पाहिलं आणि थुंकल्या. जयवंता कधीच निघून गेली होती. दुसरी मरळ नव्हती. वेशीत गाडीच्या घुंगरांचा आवाज आला.

त्या नवऱ्याला आत बोलावून म्हणाल्या, "पित्त फुटलं. एक करा, इतलंच सांगून द्या का आजचा मासा माह्या हातचा नाई."

"कोन इचारून राहिलं?" खुशालराव म्हणाले आणि पागोटं सारखं करत बाहेर गेले.

महादेवरावांनी विचारलं. पहिला घास तोंडात गेला, चेहरा क्षणभर जागच्या जागी राहिला, मग त्यांनी तो घास मोठ्या धीराने गिळला. भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे गोठ्यात चांदीच्या शेंब्यांचे चार बैल रवंथ करत होते.

"वा," ते म्हणाले. "चव म्हनते ते हे. हा बाईच्याच हातचा ना?"

"मंग कोनाचा?" खुशालराव म्हणाले.

पंगतीतल्या बाकीच्यांनीही वाहवा केली. एकाने तर दुसरा तुकडा मागून घेतला आणि तो खाल्लासुद्धा. कापसाच्या भावात असं बळ होतं. मनकर्णाबाई दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या. सगळे उठल्यावर त्या जेवायला बसल्या. शेपटीचा तुकडा उरला होता. तो त्यांनी पूर्ण खाल्ला, भाकरीशिवाय.

सोयरीक जमली. शालू तेल्हाऱ्याला गेली.

पुढल्या साली अमेरिकेतल्या लोकांनी लढाई संपवली. वऱ्हाडात कोणाला विचारण्याची पद्धत त्यांच्यात नव्हती. भाव उतरला, मग पडला, मग कोणी त्याचं नाव काढेना. बैलांच्या शेंब्या आधी गेल्या. मग एका सकाळी सोनार कानस घेऊन आला. मनकर्णाबाई हात पुढे करून बसल्या आणि सोनार गोठ कापत राहिला. हात दुखतो का, असं त्याने विचारलं. त्या नाही म्हणाल्या. गोठ निघाले तेव्हा मनगटावर दोन गोरे पट्टे होते, लहान मुलाच्या कातडीसारखे.

शालूला पोरगी झाली, ती गोड बातमी घेऊन महादेवराव अकोल्याला आले. या खेपेला घुंगरू नव्हते. निरोपही नव्हता. मनकर्णाबाईंनी कोणाला न विचारता जयवंताला हाक मारली. पायलीभर ज्वारी तिच्या ओच्यात घातली आणि मडक्यात हात घालून मरळ स्वतः निवडली.

"आता भेटल्या," जयवंता म्हणाली. "मले वाटलं, मेल्यावरच हात लावता का काय माशाले."

"बोलू नको. राख दे इकडे."

त्यांनी ओंजळभर राख घेतली. मासा धरण्याआधी राखेच्या हातांनी त्यांनी दोन्ही गोठ कोपराकडे सरकवले. गोठ नव्हते. हात तसेच वर गेले आणि अर्ध्यात थांबले. जयवंताने पाहिलं आणि मडक्यावर फडकं बांधायला घेतलं. मग दगडावर एकच फटका वाजला. खवले उडाले, पोट उघडलं, दोन बोटं आत गेली. हिरवी पिशवी अख्खी बाहेर आली. मनकर्णाबाईंनी ती पानावर ठेवली, जरा वेळ पाहिली आणि मनगटापर्यंत हात धुतले.

आता पंगत अशी नव्हती. दोघेच व्याही जेवायला बसले होते. महादेवरावांनी एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसऱ्याचे काटे चोखून ताटाच्या कडेला मांडले.

"खरं बोलू काय, इवाई?" ते म्हणाले. भाव पडल्यापासून पुष्कळ लोक खरं बोलू लागले होते. "हा मासा म्हंजे मासा. मांगच्या बारीचा लय कडू होता. सोयरिकीचं काम होतं म्हनून गिळला. मले तवापासून नवल वाटून राहिलं. नाव इतलं अन् मासा तसा! तो खरंच बाईच्या हातचा होता का?"

खुशालरावांचा घास बोटांतच राहिला. दोन वर्षांत त्यांचं पागोटं जुनं झालं होतं, आणि त्यांनी मान खाली घातली तेव्हा आतली टोपी दिसली.

मनकर्णाबाई दाराआडून वाढायला पुढे आल्या.

"माह्याच हातचा होता," त्या म्हणाल्या. "एखांद्या बारीले फुटते पित्त. घ्या, अजून घ्या."

महादेवरावांनी ताट पुढे केलं. डोक्याचा तुकडा त्यांना वाढून मनकर्णाबाई नवऱ्याकडे वळल्या आणि मधला मोठा तुकडा त्यांच्या ताटात ठेवला. खुशालरावांनी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर समोरच दिसलं असतं: वाढणाऱ्या हाताभोवती, मनगटाच्या चार बोटं वर, राखेचं एक कडं वाळून राहिलं होतं.