जिंकताना काही हलवायचं नाही

डेल्बर्टची बायको अर्डिस हाउगेन जानेवारीत गेली, आणि एप्रिलमध्ये त्यानं नेहमीप्रमाणे बेसबॉलच्या हंगामाची दोन तिकिटं काढली. पहिल्या बेसच्या मागे, सातवी रांग, एक खुर्ची त्याची आणि एक तिची. तिच्या खुर्चीवर त्यानं तिची निळी उशी ठेवली. तिथे कुणी बसायचं नाही, असं त्यानं कुणाला सांगितलं नाही. ओटर क्रीक गाव एवढंसं आणि तिथला रूस्टर्स संघ इतका वाईट, की खुर्च्यांची टंचाई कधी नव्हतीच.

त्यांच्या मागच्या रांगेत बर्नडीन आणि लोवेल बसायचे. बर्नडीनचं केस कापायचं दुकान होतं. लोवेलनं जन्मभर शाळेची बस चालवली होती. फार वर्षांपूर्वी एक कुत्रा मैदानात घुसला आणि बॉल घेऊन पळाला, ही लोवेलची लाडकी आठवण. पहिल्यांदा सांगितली तेव्हा कुत्रा मांजराएवढा होता. यंदा तो वासराएवढा झाला होता.

"आणि अंपायरनं दोन बेस दिले!" लोवेल म्हणायचा.

"कुणाला, कुत्र्याला?" बर्नडीन विचारायची.

या चौघांचा एक कायदा होता आणि तो अर्डिसनं केलेला होता. संघ जिंकत असताना काही म्हणजे काही हलवायचं नाही. एका वर्षी सहाव्या डावात लोवेलला शिंका आल्या आणि त्याच वेळी रूस्टर्सनी सामना फिरवला. पुढचे दोन आठवडे अर्डिस दर सहाव्या डावात मिऱ्याची पूड त्याच्या नाकाशी धरायची. शेवटी संघ हरला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद झाला तो लोवेलला.

जूनमध्ये डेल्बर्ट कॉफी घेऊन परत आला, तर अर्डिसच्या खुर्चीत एक लठ्ठ माणूस. चीज ओतलेल्या नाचोजचं खोकं मांडीवर आणि बूड थेट निळ्या उशीवर.

"अहो, ही खुर्ची..." डेल्बर्टनं सुरुवात केली.

तेवढ्यात बॅटचा आवाज झाला. बॉल कुंपणापलीकडे, तिन्ही बेस भरलेले, एका फटक्यात चार धावा. संघाचं चिन्ह म्हणून कोंबड्याचा पोशाख घातलेला पोरगा खेळाडू बसतात त्या डगआउटच्या छपरावर नाचायला लागला. मागून बर्नडीननं डेल्बर्टची बाही घट्ट धरली.

"एक शब्द बोलू नकोस," ती कानात म्हणाली. "तो हलता कामा नये."

"बर्नडीन, ती अर्डिसची खुर्ची आहे."

"आणि कायदा कुणाचा आहे?"

डेल्बर्ट आपल्या खुर्चीत बसला. रूस्टर्स जिंकले. दुसऱ्या दिवशीही जिंकले, तिसऱ्याही. त्या माणसाचं नाव गॉर्डी प्लँक, नेब्रास्कातून नुकताच आलेला. त्याला कळलंच नाही की आपण एवढे लाडके का झालो. लोवेल त्याला घरून गाडीतून आणायचा. एकदा त्याला सर्दी झाली, तर बर्नडीन सूप घेऊन गेली आणि वर बजावून आली, "मेलास तरी चालेल, पण सातच्या आत खुर्चीत."

डेल्बर्टला तो बघवत नव्हता. गॉर्डी हॉट डॉगवर मोहरीऐवजी केचप घालायचा. पिचरनं ठरावीक सेकंदांत बॉल टाकावा म्हणून आता घड्याळ लावलंय ते चांगलं झालं, असं म्हणायचा.

"बेसबॉलला घड्याळ नसतं," डेल्बर्ट ओरडला. "म्हणूनच तर तो बेसबॉल!"

"दादा, पूर्वी पिचर मांडी खाजवायला मोकळे होते, एवढंच."

"खाजवू दे! त्याची मांडी आहे!"

घरी गेल्यावर भांडी घासताना डेल्बर्टला चांगली चांगली उत्तरं सुचायची. ती तो मोठ्यानं म्हणून बघायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी अडखळायला नको.

मग एका रविवारी दुपारी रूस्टर्स हरले. साधे नाही, अकरा-शून्य हरले. लोक निघून गेले तरी हे चौघे बसून राहिले, कारण आता चौकशी होणार होती.

"कुणी काय बदललं?" बर्नडीननं विचारलं.

लोवेलनं पँट वर करून रोजच्यासारखाच उलटा घातलेला मोजा दाखवला. बर्नडीननं जुनीच लिपस्टिक दाखवली. मग तिची नजर खाली गेली.

"गॉर्डी, ऊठ जरा. ही उशी एवढी निळी कशी?"

गॉर्डी उभा राहिला. "काल चीज सांडलं होतं. घरी नेऊन धुतली. कोपरा फाटला होता, तोही शिवला."

"धुतली?" लोवेल उठून उभा राहिला. "जिंकत असताना?"

डेल्बर्टनं उशी उचलून नाकाशी धरली. अर्डिसच्या हाताला लावायच्या क्रीमचा वास तिला यायचा. आता नुसता साबण. कोपऱ्यावर लाल दोऱ्याचे टाके होते, दाभणानं पोतं शिवल्यासारखे. तो कोपरा शिवायचं अर्डिस दर एप्रिलला म्हणायची, आणि मग सामने सुरू व्हायचे.

"मला कुणी सांगितलं नाही हो," गॉर्डी म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"उद्यापासून तिसऱ्या बेसच्या बाजूला बसायचं," बर्नडीननं निकाल दिला. "पलीकडे, उन्हात."

डेल्बर्टला हवं होतं तेच झालं. खुर्ची परत रिकामी. एप्रिल-मेमध्ये होती तशी. तेव्हा तो अख्खा सामना तोंड न उघडता बघायचा आणि घरी गेल्यावर कोण जिंकलं ते त्याला आठवायचं नाही.

"त्याचा दोष नाही," तो म्हणाला. "मी बदललं."

"काय बदललंस? टोपी तीच, शर्ट तोच."

"आतलं."

"आतलं काय?"

"चड्डी," डेल्बर्ट म्हणाला. "आज सकाळी धुतलेली घातली."

बर्नडीन हळूच एक खुर्ची लांब सरकली.

"म्हणजे डेल, त्या पहिल्या दिवसापासून तू..."

"कायदा म्हणजे कायदा."

खरं तर तो रोज बदलायचा. अर्डिसच्या कायद्यातून एवढी एक सूट त्यानं लग्नाच्या पहिल्या वर्षीच मागून घेतली होती.

"मी तुझ्या शेजारी बसत होतो," गॉर्डी पुटपुटला. "नाचोज खात."

शिक्षा डेल्बर्टला झाली. बारावी रांग, छपराच्या खांबामागे. आणि मंगळवारी रूस्टर्स जिंकले. बर्नडीन मागे वळली आणि दोन्ही हात पुढे करून त्याला जागेवर दाबून ठेवल्यासारखी खूण केली. आता त्याला हलणं शक्यच नव्हतं.

खांबामुळे त्याला दुसरा बेस दिसत नव्हता. खाली निळ्या उशीवर गॉर्डी बसलेला, शेजारी डेल्बर्टची खुर्ची मोकळी. बुधवारी पाचव्या डावात अचानक गलका झाला.

"काय झालं रे, गॉर्डी?"

गॉर्डी उठून वळला. "आपला गडी दुसऱ्या बेसवर बाद! पोचायच्या आधीच पकडला!"

"बाद नाही! आधी पोचला होता!"

"तुला दिसलं का?"

"नाही!"

मधल्या रांगांतली माणसं कानावर हात ठेवून खाली वाकली.

"मग कशावरून म्हणतोस?"

"तू बाद म्हणतोस ना," डेल्बर्ट खांबाला धरून ओरडला, "त्यावरून!"