एका गोळीत दोन गुडघे

"अरे, दोन सदऱ्यांच्या कापडातून तिसरा काढता येत नसेल, तर कात्री खाली ठेव!"

शिवण शिकवणाऱ्या वस्तादांचा हा आवाज चाळीस वर्षांपूर्वीचा. पण शिंपीदादांच्या हाती काही आलं, की अजून कानात घुमायचाच.

दादांचा उजवा गुडघा जन्मभर पायमशीन हाकून झिजला होता. हाडांमधली गादी, म्हणजे कूर्चा, पातळ झालेली. इस्पितळात एका नव्या औषधाची चाचणी चालली होती, त्यात दादांचं नाव लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दादा, हे दुखणं पळवायला नाही हं. गादी आणखी झिजायची थांबते का, ते बघायचंय. रोज एक गोळी, वहीत नोंद, आणि वर्षाने पुन्हा गुडघ्याचा फोटो."

घरी बायको इस्त्रीशी उभी राहून राहून गुडघे चोळत होती. दादांनी डबी उघडली, काजाची छोटी कात्री घेतली आणि कच्च! गोळीचे दोन तुकडे.

"अहो, हे काय?"

"एका कापडात जोडी. तुझा गुडघा काय सवतीचा आहे?"

"मग माझा तुकडा लहान का?"

"शिवणीत गेला!"

हसता हसता वर्ष सरलं. मशीन चाले खटखट, इस्त्री चाले सरसर. वहीत मात्र रोज वळणदार अक्षर: एक गोळी.

वर्षाने डॉक्टरीणबाईंनी जुना नि नवा फोटो शेजारी लावला. "गादी जशीच्या तशी, दादा! केसभर पातळ नाही. एकट्यावरून काही ठरत नाही म्हणा. पण अशा नीट वह्यांवरूनच ठरणार, पुढच्यांना किती औषध द्यायचं ते."

दादांनी वहीकडे पाहिलं. खरं बोलावं तर चाचणीतून नाव गळणार, गोळी बंद. मग मशीन किती दिवस चालणार? दाराबाहेर बाकावर माणसं बसली होती, काठ्या टेकून, गुडघ्यांवर तळवे ठेवून. त्यांचं माप ह्या वहीवरून बेतलं जाणार होतं.

शेजारच्या खुर्चीतून बायकोने कोपर मारलं. "बोलताय, की मी बोलू?"

"थांब गं." दादा डॉक्टरीणबाईंकडे वळले. "बाई, नाव काढायचं तर काढा. पण ती वही खोटी आहे. रोज मी अर्धीच गोळी घेतली. अर्धी हिला दिली."