हिरव्या काचेचा तुकडा

खर्ड्याच्या आसारामाकडं कडबा कुट्टीचं जुनं यंत्र विकायला होतं. माझा लेक श्रीमंत न बघताच घ्यायला निघालेला. मी म्हटलं, "यंत्रात वैरण हातानं सारावी लागती. आन् ते हात तुझे न्हाईत, चांगुणाचे हायेत."

चांगुणा माझी सून. सातवा महिना लागलेला, दोन्ही हातांत हिरवा चुडा भरलेला. पावसानं दगा दिल्याचं हे दुसरं साल. जनावरं कडब्याची पानं ओरपायची अन् धांडं तुडवायची. बारीक कुट्टी करून घातली तरच गंजी पाडव्यापर्यंत पुरणार होती. यंत्र तर पाहिजेच होतं.

आम्ही दोघं खर्ड्याला गेलो. आसारामानं यंत्राला तेल पाजून चकचकीत ठेवलेलं. "मावशे, लोण्यावानी चालतंय बग."

"लोणी हाय माझ्या घरी. तू सरक."

पात्याला धार होती. चाक खडखडत नव्हतं. मग मी काडी घेऊन वैरण आत ओढणाऱ्या दोन दातेरी रुळांमधला जुना भुसा उकरला. भुशासंगं हिरव्या काचेचा तुकडा खाली पडला. बांगडीचा. मी तो आसारामापुढं धरला.

"कडब्यात आला आसंल," आसाराम म्हणाला.

"तुझ्या रानात बांगड्या पिकत्यात व्हय रं?"

त्याची बायको लंकाबाई दारात उभी होती, उजवा हात पदराखाली. मी म्हटलं, "बाई, पाणी दे वाईच." तिनं डाव्या हातानं तांब्या पुढं केला. असं पाणी कुणी देतं का! मी घेईना, नुसतं बघत राहिले. तेव्हा तिनं उजवा हात बाहेर काढला. दोन बोटं मुळापासून नव्हती.

"बांगडी दातात गुतली, मावशी," ती खालच्या आवाजात म्हणाली. "थांबा, थांबा वरडले. ह्येंनी दांडा सोडला, पर चाक कुटं थांबतंय!"

मी पिशवीतलं फडकं रुळांत सारलं. आसारामाला चाक फिरवायला लावलं अन् फडकं आत जाताच ओरडले, "थांब!" त्यानं दांडा सोडला. चाक आपल्या जोरानं दीड फेरा गेलं. फडक्याचे तीन तुकडे पुढं पडले.

श्रीमंत पांढरा पडला. "आये, चल घरी. नगं आपल्याला."

"मग जनावरांना काय तुझा पटका खायाला घालू? यंत्र घ्यायचं. चाक तू फिरवायचं, वैरण मी सारणार. चांगुणा जवळ फिरकली तर तुला बघते."

"तू? या वयात?"

त्याचे वडील गेल्यापासून माझी मनगटं मोकळी आहेत. हळदीकुंकवाला बायका ती बघून नजर वळवतात. वळवोत. दातात गुंतायला माझ्या मनगटांवर काही नव्हतं.

यंत्र बैलगाडीत घालून निघालो. वाटेत गाडी दगडावरून आदळली, की यंत्राचं चाक आपसूक फिरायचं अन् रूळ दात चावायचे. श्रीमंतानं चाक दोरीनं बांधलं. मी गाडी थांबवून वर अजून एक गाठ मारली. थोडं पुढं गेल्यावर आणखी एक.