फाटकाबाहेरची खुर्ची

मित्रांनो, रस्त्याच्या कडेला मोकळी जागा दिसते, गाडी वळते आणि मध्येच एक रिकामी खुर्ची आडवी येते. तुमचे बाबा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतात. ती खुर्ची मीच. जुनी, लोखंडी, घडीची. एक पाय किंचित वाकलेला, हिरवा रंग बहुतेक उडालेला. बोलणी खाऊन खाऊन मी थकले आहे, पण माझंही थोडं ऐकून घ्या.

कारखान्यात पाइप वाकवून आणि पत्रा ठोकून माझ्यासारख्या अनेक जणी तयार झाल्या. आम्हाला बसण्यासाठी बनवलं होतं, राखण करण्यासाठी नाही.

मला काकूंनी पसंत केलं. घरात काका आणि काकू, दोघंच. काका बसचे ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक छोटी जुनी गाडी घेतली आणि ती आत लावायला फाटकापासून सिमेंटचा उतार करून घेतला. उतार आखूड पडला. गाडी आत घेतली की तिचं शेपूट बाहेर, चालणाऱ्यांच्या वाटेवर. पालिकेचा माणूस सांगून गेला, "फाटकाच्या आतलं तुमचं, बाहेरचं सगळ्यांचं. गाडी अशी चालणार नाही."

"जन्मभर गाड्या मापात लावल्या, आणि स्वतःच्या दारात माप चुकलं!" काकू हसून म्हणाल्या.

तेव्हापासून गाडी फाटकाबाहेर, कुंपणाला लागून उभी राहू लागली. काका कुठे गेले की ती जागा दुसरं कुणी घ्यायचं. म्हणून काकू मला तिथे मांडून स्वतः वर बसायच्या, मटार सोलत.

"नुसती खुर्ची कुणीही उचलेल," त्या म्हणायच्या. "बाईसकट कोण उचलतो, बघते!"

काका आले की त्या उठायच्या, मला मिटून बगलेत धरायच्या आणि हात हलवायच्या. "या... या... अजून या... बास!" बास म्हणताना गाडीच्या पाठीवर एक थाप.

"अगं, बस चालवलीय मी. मला काय शिकवतेस?"

"चालवलीत हो. पण मागे घेताना कंडक्टर लागायचाच ना? तो आता मी."

ते माझे चांगले दिवस होते.

पुढे काकूंना आजार जडला. दवाखान्यात दोघं मिळून जायचे आणि जागा मी एकटीच राखायची. गल्लीतल्या कुणीही मला हलवलं नाही. परत येताना काकूंच्या अंगात दार गाठण्यापुरतीच ताकद उरलेली असायची. मी दिसले की त्या म्हणायच्या, "आहे बाई जाग्यावर."

एके दिवशी काका एकटेच परत आले. जागा मोकळी होती, तरी गाडी वाकडी लागली.

काही महिन्यांनी गाडीही विकली. मला वाटलं, आता मलाही विसावा मिळेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मला उचललं आणि त्याच जागी मांडलं. रोज सकाळी बाहेर, रोज संध्याकाळी आत. उन्हाने पत्रा तापायचा, पावसाने गंज चढायचा. गल्लीतले लोक आपली गाडी पुढे नेऊन लावायचे.

मग समोरच्या घरात एक शिक्षिका राहायला आली. तिच्या वडिलांना काठी घेऊनही फार चालवत नसे. गाडी पार कोपऱ्यावर लावून ती त्यांना धरून आणायची. एकदा ती थांबली.

"काका, तुमची गाडी कधी येते?"

"गाडी नाही आता."

"मग ही खुर्ची...?"

"राहू दे."

तिने वडिलांचा हात धरला. "चला बाबा, तेवढाच व्यायाम."

"व्यायाम तुझा, गुडघे माझे," म्हातारे म्हणाले.

ते टेकत टेकत माझ्या शेजारून गेले. मी बसण्यासाठी बनलेली खुर्ची, आणि त्यांना बसा म्हणू शकत नव्हते.

एक दिवस कोपऱ्यावर पालिकेची पाटी लागली. रस्त्यावर खुर्ची, बादली, दगड ठेवून जागा अडवू नये. वस्तू जप्त होईल. पाठोपाठ ट्रक आला.

"काका, रस्ता सगळ्यांचा आहे," ट्रकवाला म्हणाला.

"माहीत आहे."

"मग अडवता कशाला?"

त्याने मला काकांसमोरून उचललं. मला फुटक्या बादल्यांवर फेकलं, तेव्हा माझा पाय वाकला.

काही दिवसांनी काका पालिकेच्या आवारात आले. पहारेकरी म्हणाला, "एवढ्या गंजक्या खुर्चीसाठी आलात? नवी घ्या की."

"हीच पाहिजे."

"पुन्हा रस्त्यात दिसली तर पुन्हा आणू हं."

"नाही दिसणार."

मला बगलेत धरून ते चालत निघाले. वाटेत दम लागला. एका भिंतीच्या सावलीत त्यांनी मला उघडलं आणि ते बसले. इतकी वर्षं त्यांनी मला उचललं होतं, मांडलं होतं, पण माझ्यावर ते पहिल्यांदाच बसले. बराच वेळ उठले नाहीत.

घरी पोचलो तर शिक्षिका त्याच जागेत गाडी मागे घेत होती. गाडी सारखी तिरकी जात होती. आतून वडील ओरडत होते, ती त्यांच्यावर ओरडत होती. काकांना पाहून तिने काच खाली केली. "काका, खुर्ची दिसली नाही म्हणून... काढते लगेच."

काका गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. मग त्यांनी मला घट्ट बगलेत धरलं आणि मोकळा हात वर केला.

"या," ते म्हणाले. "या... या... अजून या..."

गाडी कुंपणाला अगदी सरळ लागली.

"बास!" आणि गाडीच्या पाठीवर एक थाप.

आता मी फाटकाच्या आत, त्या आखूड उतारावर असते. कलू नये म्हणून काकांनी माझ्या दोन पायांखाली विटा दिल्या आहेत. संध्याकाळी ते माझ्यावर बसतात. कधी काठीवाले बाबा बसतात, तेव्हा काका उभे राहतात.

मित्रांनो, रस्ता अडवू नका, तो सगळ्यांचा आहे. पण कुणाची खुर्ची उचलावीच लागली, तर हळू उचला, फेकू नका. आणि तुमच्या घरात एखादी खुर्ची रिकामी पडली असेल, तर जरा तिच्यावर बसा. माणसाच्या भाराने आम्ही थकत नाही. रिकामं राहून थकतो.